मदत हवी आहे: कशेळी, आडिवरे, बारसूसाठी जाणकार वाटाड्या

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आईला घेऊन रत्नागिरीहून दोन दिवस राजापूरकडे जायचंय. कशेळीचं कनकादित्य सूर्यमंदिर, आडिवऱ्याची महाकाली, आणि मुख्य म्हणजे कशेळी-बारसूच्या सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर कोरलेली, जुनी कातळशिल्पं. मागच्या खेपेला भर दुपारी कशेळीला पोचलो, तर तिथल्या कातळशिल्पातल्या भल्यामोठ्या हत्तीच्या पोटात कोरलेले प्राणी दिसेचनात. ऊन कललं तशी एकेक रेष सावलीने उठून आली. आई कातळावरच बसून राहिली, किती वेळ! यावेळी कुणीतरी तिला ते नीट समजावून सांगायला हवंय.

असा स्थानिक वाटाड्या कोणाच्या माहितीत आहे का? साधारण किती घेतात? आई सत्तरीची, गुडघे दुखतात. बारसूला गाडी शिल्पांच्या किती जवळ जाते? आडिवऱ्यात घरगुती जेवण-मुक्कामाची सोयही सुचवा.