विषय: विडी घरकुल शिबिर – हातमोज्यांची ऑर्डर थांबवा

प्रेषक: आरोग्य समिती

मंडळी,

सोलापूरच्या विडी घरकुल वस्तीत विडी वळणाऱ्या बायकांसाठी आपण जे आरोग्य शिबिर घेतोय, त्याच्या खरेदीच्या कालच्या यादीत हातमोजे आणि मास्क अजून आहेतच. कृपया ऑर्डर देऊ नका. विडी वळणं हे बोटांच्या पेरांचं काम आहे. ओलसर पान, त्यात चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, दोरा, मग तोंड दुमडायचं. मोज्यात पेराला पान कळत नाही, वेग पडतो आणि मजुरी हजार विड्यांवर मिळते. मोजे दोन दिवसांत खुंटीला लागतील. घातलेच, तरी आत घाम आणि तंबाखूचा भुगा साठून ओल्या कातडीतून निकोटीन जास्तच शोषलं जाऊ शकतं.

पैसे तंबाखूसाठी घट्ट झाकणाचे डबे, साबण आणि नखं घासायच्या ब्रशवर घाला. सर्वात जास्त धूळ सूप झटकताना आणि खोली झाडताना उडते. सूप दाराबाहेर झटकायचं आणि फरशी ओल्या फडक्यानं पुसायची. एन-९५ मास्क लागलाच तर तेवढ्या वेळापुरता. पदर नाकाला लावून बारीक धूळ अडत नाही. वळायची जागा चुलीपासून आणि पाळण्यापासून लांब हवी. एका खोलीच्या घरात ते अवघड आहे, म्हणून डबे आधी.

प्रेषक: खजिनदार

ऑर्डर थांबवली. पण पूर्व भागातल्या महिला गटाला संस्थेमार्फत पैसे "नंतर वळते करू" असं मागच्या बैठकीत ठरलं, ते जमणार नाही. मंडळ इथं परदेशात नोंदलेलं, म्हणजे आपण परकीय स्रोत. घेणाऱ्या संस्थेकडे परकीय योगदान कायद्याखालची नोंदणी हवी आणि पैसे तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जातात. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती संस्था ते पुढे दुसऱ्या कोणाला देऊ शकत नाही. हिशोब माझ्याकडे आहे, तेव्हा परस्पर कोणी कबूल करू नका.

प्रेषक: अण्णा

मग शिबिरासाठी स्पायरोमीटर (फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजायचं यंत्र) कोणीतरी बॅगेतून नेऊन संस्थेला द्यावा. पैशाचा प्रश्नच नाही.

प्रेषक: खजिनदार

अण्णा, संस्थेला दिलेली वस्तूही योगदानातच मोडते. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी आपापल्या बचतीतून बँकेमार्फत वैयक्तिक द्यावं, तो मार्ग मोकळा आहे. मंडळाच्या खात्यात गोळा करून मात्र नाही.

प्रेषक: लॅबवाले दादा

मशीन कोण नेतं यापेक्षा ते कसं वापरतात ते महत्त्वाचं. रोज सकाळी ३ लिटरच्या सिरिंजनं तपासायचं. २.९१ ते ३.०९ च्या बाहेर गेलं तर त्या दिवशी एकही चाचणी नाही. उंची चप्पल काढून मोजायची, नाहीतर अपेक्षित आकडाच चुकतो. किमान तीन नीट फुंका हव्यात आणि त्यातल्या सर्वात चांगल्या दोनमध्ये १५० मिलीपेक्षा जास्त फरक नको. मे महिन्यातलं शिबिर मला मान्य नाही. मांडवात पारा चाळिशीपार गेला की रीडिंगचा भरवसा उरत नाही.

लघवीतल्या कोटिनिनबद्दलही सांगतो, म्हणजे अंगात गेलेल्या निकोटीनपासून जे बनतं ते. तपासणीची पट्टी स्वस्त आहे, पण मिशरी (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावणाऱ्या बाईची ती पॉझिटिव्ह येणारच. त्यातून कामाचं निकोटीन वेगळं निघत नाही. निम्मं कोटिनिन उतरायला साधारण १६ ते २० तास लागतात. तेव्हा मिशरी न लावणाऱ्या बायकांचा एक नमुना कामाच्या दिवशी संध्याकाळी आणि दुसरा सुट्टीनंतर सकाळी घ्या. नुसती पट्टी पुरणार नाही, लॅबमधून आकडा काढा. आकडा ठळक उतरला तर कामातून निकोटीन अंगात जातंय, असं म्हणायला आधार मिळेल. घरात धूर करणारं कोणी आहे का, तेही टिपा.

प्रेषक: काकू

"तंबाखू खाता का?" असं विचारलंत तर उत्तर "नाही" येईल आणि दादांची सगळी मेहनत वाया जाईल. मिशरीला त्या तंबाखू खाणं म्हणत नाहीत. "मिशरी लावता का, दिवसातून किती वेळा, किती वेळ तोंडात ठेवता?" असं विचारा. फॉर्म मराठीबरोबर तेलुगूतही हवा, पद्मशाली समाजाच्या बायकांना घरची भाषा तीच. आणि विड्या जमा करून पान-तंबाखू घ्यायच्या वेळी शिबिर ठेवलंत तर कोणी फिरकणार नाही. त्या वेळेला चुकलं की दिवसाचं काम जातं.

प्रेषक: अण्णा

एवढं करतोच आहोत तर गर्भाशयमुखाची तपासणीही उरका की.

प्रेषक: आरोग्य समिती

अण्णा, हवीच आहे, पण उरकायची नाही. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलच्या सहभागानं जो मोठा अभ्यास झाला, त्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायका होत्या. निष्कर्ष २००९ मध्ये आले: एकदाच केलेल्या एचपीव्ही (गर्भाशयमुखाचा कर्करोग करणारा विषाणू) चाचणीनं या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ते जमलं कारण दोष सापडलेल्या बायकांच्या पुढच्या तपासणीची आणि उपचाराची सोय होती. आपल्याकडे ती लिहून मिळाल्याशिवाय नमुना घेऊ नये. बाईला "दोष आहे" सांगून घरी पाठवणं हा अन्याय आहे.

हिमोग्लोबिन मात्र याच वेळी करू. गरोदर नसलेल्या बाईला १२ च्या खाली आणि गरोदर बाईला ११ च्या खाली म्हणजे अंगात रक्त कमी, आणि लोहाच्या गोळ्या तिथेच.

दादांचा मुद्दा मान्य, शिबिर डिसेंबरात. खजिनदार, डब्यांचा भाव सोलापुरातूनच मागवा. काकू, तेलुगू फॉर्म तुम्ही तपासाल ना?