रिमांड होम, बालसुधारगृह, निरीक्षणगृह : कुठे कोणता शब्द?

(उत्तरांपुढचे क्रमांक उत्तर देणाऱ्यांचे आहेत.)

प्रश्न : ‘मुलाची रवानगी बालसुधारगृहात’ असे बातमीत छापतात; आदेशात मात्र ‘निरीक्षणगृह’ असते. दोन्ही एकच का?

उत्तर १ : नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्यात बालसुधारगृह नावाची संस्थाच नाही. गुन्ह्याच्या आरोपाची चौकशी संपेपर्यंत मुलाला ठेवतात ते निरीक्षणगृह. गुन्हा केल्याचा निष्कर्ष बाल न्याय मंडळाने (अशा मुलांची प्रकरणे ऐकणारे मंडळ) काढला, तर पाठवतात ते विशेष गृह, तेही जास्तीत जास्त ३ वर्षांसाठी. निर्घृण गुन्ह्याच्या प्रकरणातील १६ ते १८ वयाची मुले आणि अठरा पूर्ण झालेल्यांसाठी ‘सुरक्षित स्थान’ वेगळे. चौकशी चालू असताना ‘सुधारगृह’ लिहिणे म्हणजे निकालाआधीच मुलाला दोषी ठरवणे. बातमीत हे टाळलेच पाहिजे.

उत्तर २ : ‘रिमांड होम’ जुन्या मुंबई बालक अधिनियमाच्या काळापासून बोलण्यात आहे. पालकांशी बोलताना तो वापरावा, कारण त्यांना तोच कळतो. मात्र ‘रिमांड’ म्हटले की पोलीस कोठडी डोळ्यांसमोर येते, म्हणून लगेच सांगावे : मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मंडळापुढे हजर करावे लागते. ‘अटक केली’ऐवजी ‘ताब्यात घेतले’ लिहावे.

प्रश्न : जामीन झाला म्हणतात, तरी मूल आतच. मग ‘जामीन झाला’ म्हणजे काय?

उत्तर १ : आदेश झाला, सुटका नाही. हमी द्यायला कोणी नसते किंवा अटी परवडत नाहीत, आणि मूल अडकून पडते. बाल न्याय कायद्याच्या कलम १२ प्रमाणे आदेशापासून ७ दिवसांत अटी पूर्ण झाल्या नाहीत, तर त्या बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे न्यायचे असते. हे राहून जाते. म्हणून नोंदीत आदेशाची तारीख आणि सुटकेची तारीख वेगवेगळ्या लिहाव्यात. सातवा दिवस उलटल्याचे त्यावरूनच लक्षात येते.

उत्तर ३ : पहिल्या प्रश्नाला जोडून, ‘निरीक्षणगृह/बालगृह’ अशी जोडपाटीही नीट वाचावी. बालगृह हे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांचे. तिथे पाठवते बाल कल्याण समिती, मंडळ नव्हे. नियमाप्रमाणे दोन्ही वेगवेगळ्या आवारात हवीत; नोंदवह्याही वेगळ्या हव्यात. अनाथ मुलाच्या शाळेच्या अर्जात चुकून ‘निरीक्षणगृह’ पडले, तर त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते.

उत्तर २ : मला सर्वांत घातक वाटतो तो या संस्थांतला ‘शिस्त लावली’ हा प्रयोग. मारहाण, उपाशी ठेवणे, कोंडून ठेवणे, सगळे त्यात झाकले जाते. कलम ८२ नेमके शिस्तीच्या हेतूने दिलेल्या शारीरिक शिक्षेबद्दलच आहे : पहिल्या दोषसिद्धीला १०,००० रुपये दंड, पुढच्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. त्यामुळे ‘शिस्तीसाठी केले’ हा बचाव ठरत नाही. तक्रारीत हा शब्द घेऊच नये. कोणी, केव्हा, कशाने मारले, किती वेळ कोंडले, डॉक्टरांनी कधी तपासले, एवढे सरळ क्रियापदांत लिहावे आणि प्रत मंडळाकडे द्यावी. मंडळाने दरमहा निदान एकदा संस्थेची पाहणी करणे बंधनकारक आहे. त्या भेटीत मुलाशी कर्मचाऱ्यांच्या गैरहजेरीत बोलण्याची विनंतीही त्याच तक्रारीत जोडावी.