मदत हवी आहे: टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, तरी ऑइल गळतंय

नमस्कार मंडळी, सोलापूर. २००३ ची तीन सिलिंडरची पेट्रोल गाडी, ऑइल २०डब्ल्यू-५०. रात्रभर उभी राहिली की फरशीवर रुपयाएवढे दोन-तीन डाग पडतात. महिन्यात डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेवरून जवळपास खालच्या खुणेवर येते. धूर नाही, ऑइलचा दिवाही लागत नाही.

आतापर्यंत टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग बदललं, ड्रेन बोल्टचा वॉशर नवा टाकला. ब्रीदरचा (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा) पाइप काजळीने पार चोंदला होता, तोही साफ केला. परवा इंजिन रॉकेलने धुऊन, वाळवून, गळती कुठून ते दिसावं म्हणून त्यावर टाल्कम पावडर मारली आणि अक्कलकोट रोडला फेरी मारली. इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यात खाली ओला पट्टा उठला. डिस्ट्रिब्युटरही (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) त्याच बाजूला वर आहे; त्याच्या बुडाशी ओलसर वाटतं, पण तिथे पावडर नीट बसलीच नव्हती.

मेकॅनिक थेट क्रँकचं मागचं सील (क्रँकशाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाचं ऑइल सील) म्हणतो, म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलं. घरी जॅक आणि दोन स्टँड आहेत, रॅम्प नाही. गळती थांबवायचं औषध ऑइलमध्ये ओतायचं नाही. क्लच घसरत नाही.

डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग (बुडाचं रबरी कडं) की मागचं सील, हे गिअरबॉक्स न उतरवता खात्रीने कसं ओळखायचं? आणि ओ-रिंगसाठी डिस्ट्रिब्युटर काढला, तर टायमिंग लाइट (ठिणगीची वेळ तपासायचा दिवा) नसताना खूण करून तसाच परत बसवला तर चालेल का?