ट्रॅकवर कोण सरस: एम५ कॉम्पिटिशन की ई६३ एस?

दोन्ही वेगवान मोठ्या सेडान, पण माझा कौल २०१८ साली आलेल्या बीएमडब्ल्यू एम५ कॉम्पिटिशनला. ताकदीवरून वाद घालण्यात अर्थ नाही. एम५चे ६२५ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती), मर्सिडीज-एएमजी ई६३ एसचे ६१२. शून्य ते शंभर ३.३ आणि ३.४ सेकंद. खरी परीक्षा वळणात शिरताना होते. पुढे जड व्ही८ (आठ सिलिंडरचं) इंजिन असलं की गाडीचं नाक वळणाबाहेर जायला बघतं. एम५ला पुढे २७५ मिलिमीटर रुंदीचे टायर आहेत, ई६३ला २६५चे. त्यात कॉम्पिटिशनला ७ मिलिमीटर खाली बसवलं, स्प्रिंग १० टक्के कडक केल्या, पुढचा कॅम्बर (चाकांचा आतला कल) वाढवला. ही सगळी मेहनत नाकासाठीच आहे.

प्रतिसाद १: वळणात शिरलात, पण बाहेरही पडायचंय ना? ई६३चा टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) ८५० न्यूटन-मीटर, तोही २,५०० आरपीएमपासून (मिनिटाला फेरे). एम५चा ७५०. वर नऊ गिअरचा बॉक्स, त्यात टॉर्क कन्व्हर्टरऐवजी (द्रवातून जोर पोचवणारा भाग) ओला, म्हणजे तेलात चालणारा क्लच. संथ वळणातून सुटताना हे १०० न्यूटन-मीटर पाठीला जाणवतात. एम५कडे याला उत्तर नाही.

प्रतिसाद २ (धागाकर्ता): उत्तर आहे. ८५०चा आकडा ४,५०० आरपीएमपर्यंतच टिकतो. ट्रॅकवर तुम्ही तेवढ्या खाली राहता किती वेळ? ६१२ पीएस ५,७५० आरपीएमला मिळतात. गणित करून पाहा, तिथे टॉर्क ७४७च्या आसपास उरतो. एम५चा ७५० मात्र ५,८६०पर्यंत हलत नाही. म्हणजे जिथे इंजिन जास्त वेळ फिरतं तिथे तुमचे १०० संपलेले असतात. संथ वळणांचा मुद्दा मात्र मान्य.

प्रतिसाद ३: तुम्ही दोघंही इंजिनात अडकलात. चालक धरला की दोन्ही गाड्या दोन टनांना टेकतात. १,९०० किलो वजन २०० किमी वेगाने धावत असेल तर ब्रेकला सुमारे २९ लाख ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते, २५०ला साधारण ४६ लाख. वेग सव्वापट, उष्णता दीडपटीहून जास्त! हे लॅपमागून लॅप चाललं की ब्रेक फ्लुइड उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडतं. त्यापुढे २७५ काय आणि २६५ काय. ५१० पीएसच्या अल्फा रोमियो जुलिया क्वाड्रिफोल्योने २०१६ मध्ये जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगचा २०.८ किलोमीटरचा नॉर्डश्लाइफ ट्रॅक ७ मिनिटं ३२ सेकंदांत मारला. हलकेपणाशिवाय ते जमलं नसतं.

प्रतिसाद १: जुलिया एक वर्ग खालची गाडी आहे, तिला इथे आणू नका. आपण बोलतोय चार मोठी माणसं ऐसपैस बसवणाऱ्या सेडानबद्दल. ई६३चं एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या) कर्बवरून, म्हणजे ट्रॅकच्या उंच कडेवरून जाताना चाक जमिनीला धरून ठेवतं आणि परतीच्या रस्त्यावर पाठ वाचवतं. एम५च्या स्टीलच्या स्प्रिंगला हे दुसरं काम तितकं जमत नाही.

प्रतिसाद २ (धागाकर्ता): परतीच्या रस्त्याला मी गुण देणार नाही, प्रश्न ट्रॅकचाच आहे. स्टीलच्या स्प्रिंगमुळे गाडी काय करतेय ते हाताला आधी कळतं, म्हणून कौल बदलत नाही. पण ब्रेकबद्दल प्रतिसाद ३चं म्हणणं पटलं. २०२४ची नवी एम५ तर हायब्रिड झाली, ७२७ पीएस आणि वजन २,४३५ किलो! तुलना करणाऱ्यांनी थंड टायर-ब्रेकवरचा एकच लॅप न छापता सलग पाच लॅपचे वेळ छापावेत. पाचव्या लॅपला ई६३ पुढे निघाली तर मी शब्द मागे घेईन.