लूप चालू असताना डिक्शनरीतील नोंदी काढणे : कीजची प्रत की नवी डिक्शनरी?

धागाकर्ता
पायथॉनमध्ये मुदत संपलेली सेशन्स (वापरकर्त्यांच्या लॉगिनच्या नोंदी) काढण्यासाठी डिक्शनरीवर, म्हणजे ‘की’ (ओळखखूण) आणि तिचे मूल्य अशा जोड्यांच्या साठ्यावर, थेट लूप चालवून आतच ‘डेल’ने नोंद काढली, तर पहिली नोंद निघते आणि पुढच्या फेरीला ‘रनटाइम एरर’ येतो. म्हणजे एक सेशन गेले आणि बाकीची शिळी सेशन्स तशीच, अशी अर्धवट अवस्था मागे राहते. चाचणीच्या डेटात मुदत संपलेले सेशनच नसेल, तर ही चूक उघडही होत नाही. ‘लिस्ट’ने कीजची प्रत काढून तिच्यावर लूप चालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्यापेक्षा ठेवायच्या नोंदींची नवी डिक्शनरी कॉम्प्रिहेन्शनने (अटीसह एका ओळीत लिहिलेल्या लूपने) बांधावी, असे माझे ठाम मत आहे, कारण काय ठेवायचे ती अट एका ओळीत वाचता येते.

पहिला प्रतिसाद
असहमत. नवी डिक्शनरी त्याच नावाला जोडली, तरी लॉगिन तपासणाऱ्या मॉड्यूलने जुनीच डिक्शनरी धरून ठेवली असेल, तर त्याच्या लेखी मुदत संपलेला वापरकर्ता आतच राहतो, आणि ही सुरक्षेतील त्रुटी कोणताही एरर न देता राहते. शिवाय कीजच्या प्रतीत केवळ संदर्भ (मूळ कीज मेमरीत कुठे आहेत त्याचे पत्ते) साठवले जातात. 64 बिट यंत्रावर प्रत्येकी 8 बाइट, म्हणजे 10 लाख कीजना सुमारे 8 एमबी. एवढ्यासाठी प्रत टाळण्याचे कारण नाही.

दुसरा प्रतिसाद
मुळात लूपमध्ये नोंदी काढण्यावरची पायथॉनची ही बंदीच अनावश्यक वाटते. गो भाषेत मॅपवर (तिथली डिक्शनरी) लूप चालू असताना नोंद काढता येते, आणि मायक्रोसॉफ्टच्या 2019 च्या डॉट नेट कोअर 3.0 या प्रोग्रामिंग मंचापासून डिक्शनरीतून नोंद काढल्याने चालू लूप मोडत नाही.

धागाकर्ता
काढण्यापुरते ते खरे आहे, पण भर घालण्याचे काय? गोमध्येही लूपदरम्यान घातलेली नोंद त्याच लूपमध्ये दिसेलच, याची हमी नाही. पायथॉनची तपासणीही प्रामुख्याने नोंदींच्या संख्येवर चालते, त्यामुळे एक नोंद काढून दुसरी घातली तर ही तपासणी चुकवली जाऊ शकते आणि काही नोंदींना भेट न देताच लूप संपू शकतो. अनेक मॉड्यूल वापरत असलेल्या सामायिक डिक्शनरीबाबतचा पहिला आक्षेप मात्र मला मान्य आहे. तिथे नवी डिक्शनरी बांधू नये.

पहिला प्रतिसाद
तिथे प्रतीवर लूप चालवताना ‘डेल’ऐवजी ‘पॉप’ वापरून पर्यायी मूल्य ‘नन’ द्यावे, कारण दुसऱ्या थ्रेडने (त्याच प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या दुसऱ्या भागाने) तीच नोंद आधी काढलेली असली, तरी ‘की एरर’ (की न सापडल्याची चूक) येत नाही.