वाडीत यंदापासून बाण बंद करावेत का?

खाडीकाठ:
दिवाळीपर्यंत आपल्याकडे भातकापणी उरकत आलेली असते. खळ्यात भारे, गोठ्याच्या माळ्यावर पेंढा, मागीलदारी पेंढ्याची रचलेली उडवी. बाटलीत उभा केलेला बाण यातल्या कशावर पडेल, ते लावणाऱ्याच्या हातात नसतं. वाडीने बसून बाण बंद करावेत असं मला वाटतं. फुलबाज्या, भुईचक्रं, पाऊस खुशाल लावा, पण खळ्यापासून लांब, पाण्याची बादली भरून ठेवून.

कलमवाला:
अजिबात पटत नाही. नियम काय कमी आहेत? सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या आदेशाने दिवाळीला रात्री ८ ते १० एवढीच वेळ ठेवली. माळा गेल्या, बेरियमचे फटाके गेले, ऑनलाइन विक्री गेली. परवानाधारक दुकानातून कमी धुराचे ग्रीन फटाके घ्यायचे, खोक्यावरचा क्यूआर कोड बघायचा. एवढं पाळणाऱ्यालाही वाडी अडवणार? पोरं वर्षभर या दिवसाची वाट बघतात. शिवाय रात्री जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मतलई वारा सुटतो, पुळणीवरून सोडलेला बाण समुद्रातच जातो.

खाडीकाठ:
आठ वाजता मतलई सुटलेला असेलच असं नाही, आणि पुळणीवर होड्या, जाळी असतात. तो आदेश मुळात दिल्लीच्या हवेवरून, तान्ह्या मुलांच्या नावे २०१५ साली केलेल्या याचिकेतून आला. त्यात आपल्या उडव्यांचा विचार कुठून असणार? नागपूरच्या नीरी या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेने केलेल्या ग्रीन फटाक्यांत धुराचे कण साधारण ३० टक्के कमी, पण पेंढा पेटवायला त्यांचीही ठिणगी पुरते.

पहाटपाळी:
मला वेळेचा नियम खटकतो. नरक चतुर्दशीला करीट फोडलं की पोरं अंगणात धावतात, तेव्हा पहाटेचे पाच वाजलेले असतात. तामिळनाडूत पहाटेची रीत आहे, म्हणून कोर्टाने दोन तासांची मर्यादा ठेवून वेळ ठरवायची मोकळीक दिली. आपण का मागू नये?

दवाखान्यातली:
पहाटे पाचला म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं झोपलेली असतात. रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके नकोत, हे कोर्टाने २००५ सालीच सांगितलंय. पोरांना फुलबाजी द्या ना, तिला आवाज कुठे आहे? तीही मोठ्या माणसासमोर, सुती कपडे घालून. विझलेली तार पाण्यात टाका, ती बराच वेळ तापलेली राहते आणि अनवाणी पाय पडतो. न फुटलेल्या फटाक्यावर वाकून बघू नका. थोडं थांबा, मग लांबून पाणी ओता. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. हळद, टूथपेस्ट, तूप काही लावू नका. डोळ्याला इजा झाली तर चोळू नका, तडक डॉक्टरकडे न्या.

कलमवाला:
हे सगळं मान्य. बंदी मात्र मान्य नाही. होड्यांपासून लांब एक जागा वाडीने नेमून द्यावी, वारा जमिनीकडे असेल त्या रात्री कुणीच बाण लावू नये. एवढं लिहा, मी सही करतो.

खाडीकाठ:
वारा कुठला ते त्या रात्री कोण सांगणार? ते नाव आधी ठरवू.