इंटरनॅशनल शाळेचा प्रवेश: एसी आणि स्विमिंग पूलच्या पलीकडचे प्रश्न

वाकडकर
पालकांच्या ग्रुपवर 'इंटरनॅशनल शाळेला विचारायचे दहा प्रश्न' ही पोस्ट फिरतेय. वर्गात मुलं किती, एसी आहे का, पूल आहे का, डबा शाळेचा की घरचा, बसमध्ये ताई असतात का. दहावीनंतर उपयोगी पडेल असा त्यात एकही प्रश्न नाही, आणि लोक 'खूप छान माहिती' म्हणून ती पुढे ढकलतायत. म्हणून सविस्तर लिहितोय.

पाटीवर 'इंटरनॅशनल' असलं म्हणजे अभ्यासक्रमही तसाच असतो असं नाही. कित्येक सीबीएसई शाळांच्या नावात तो शब्द आहे. आयबी या आंतरराष्ट्रीय बोर्डाची मान्यता पीवायपी (प्राथमिक), एमवायपी (साधारण सहावी ते दहावी) आणि डीपी (अकरावी-बारावी) या प्रत्येक टप्प्याला वेगळी मिळते. 'कँडिडेट स्कूल' म्हणजे मान्यता अजून मिळायची आहे. आयबीच्या साइटवर शाळेचं नाव टाका, कोणत्या टप्प्याला मान्यता आहे ते दोन मिनिटांत दिसतं. केंब्रिज या ब्रिटिश बोर्डाची शाळा असेल तर दहावीला मार्चच्या सत्राला बसवता की जूनच्या, हे विचारा. मार्चचा निकाल मेमध्ये लागतो, जूनचा थेट ऑगस्टमध्ये. मूल पुढे राज्य मंडळाच्या अकरावीला जाणार असेल तर ऑगस्टपर्यंत चांगल्या कॉलेजांच्या जागा बहुतेक वेळा भरलेल्या असतात.

अनघा_ठाणे
तीन वर्षांच्या पोराच्या आईने डीपीची मान्यता तपासत बसायचं? त्या पोराला रोज बसमध्ये दीड तास काढायचाय, तो प्रश्न आधीचा. बसमधल्या ताईंची चेष्टा करू नका, तो सुरक्षेचा प्रश्न आहे. सातवी-आठवीत बोर्ड बदलणारी मुलंही कमी नसतात. मला विचाराल तर एकच गोष्ट बघा: गेल्या दोन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले. माहितीपत्रकातले शिक्षक जूनमध्ये वर्गावर नसतील तर अभ्यासक्रम कुठलाही असो, काय उपयोग?

करिअरकट्टा
अनघाताई, शिक्षकांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण 'पुढचं पुढे बघू' म्हणणाऱ्यांचीच अकरावीला धावपळ होते. डीपीत सहा विषय असतात, सहा गटांतून. विज्ञानाचा गट एक. कलेच्या गटाऐवजी विज्ञानाचा आणखी एक विषय घेता येतो, म्हणजे नेहमीच्या चौकटीत दोनच. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही हवेत. त्यासाठी शाळेला आयबीकडे वेगळी परवानगी मागावी लागते, आणि वेळापत्रकात तिन्ही बसवायची शाळेची तयारी लागते. ही परवानगी शाळेने यापूर्वी कधी घेतली आहे का, हे विचारा. इंजिनीअरिंगचं मनात असेल तर गणितातला 'अॅनालिसिस अँड अॅप्रोचेस' हा प्रकार शाळा उच्च पातळीवर शिकवते का, तेही विचारा. विषय एकदा निवडून चार महिने गेले की बदलणं फार जड जातं.

नाना_नाशिक
बोर्ड, सत्र, गणित, सगळं बोललात. फीबद्दल कोणी बोलायचं? नर्सरीचा आकडा बघून लोक सही करतात. पुढे परीक्षा शुल्क वेगळं, टॅब वेगळा, सहल वेगळी, आणि डिपॉझिट परत मागायला गेलं की 'पावती आणा'. लूट आहे नुसती, आणि इंटरनॅशनल शाळांना कुठलाच कायदा लागू नाही!

वाकडकर
साफ चूक. महाराष्ट्राचा २०११ चा शुल्क विनियमन कायदा परदेशी बोर्डाच्या शाळांनाही लागू आहे. वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ व्हायला हवा, त्यातून सोडत काढून कार्यकारी समिती निवडायची, आणि शुल्काचा प्रस्ताव व्यवस्थापनाने त्या समितीपुढे ठेवायचा. एकदा ठरलेलं शुल्क दोन वर्षं कायम.

नाना_नाशिक
कागदावर! समितीत कोण आहे हे निम्म्या पालकांना माहीत नसतं. आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर वाढीविरुद्ध दाद मागायला २५ टक्के पालक एकत्र हवेत. पोराच्या शाळेविरुद्ध सही द्यायला कोण पुढे येतं? तुम्ही कायद्याची कलमं वाचून दाखवता, पैसे आम्ही भरतो.

अनघा_ठाणे
नाना, आवाज खाली. २५ टक्क्यांचं तुमचं बरोबर आहे, ती अट पालकांच्या मुळावरच आलीय. पण म्हणून समितीची यादी मागायचीच नाही का? प्रवेशाच्या दिवशी दोन कागद लेखी मागा: समितीच्या सदस्यांची यादी आणि पहिलीपासून दहावीपर्यंतचा सध्याचा शुल्क तक्ता. डिपॉझिट कधी आणि किती दिवसांत परत मिळणार, हेही त्यातच लिहून घ्या. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

नाना_नाशिक
यादी मागेन. मिळाली तर इथे येऊन सांगेन. मला आशा नाही.

मीरा_मडगाव
मुलाच्या 'इंटरॅक्शन'चं, म्हणजे प्रवेशाआधीच्या तोंडी चाचणीचं, कोणीच बोललं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंड, पुढे प्रत्येक वेळी ५०,००० पर्यंत. तरी पहिलीच्या मुलांना रंग आणि आकार विचारतातच.

करिअरकट्टा
पहिलीसाठी हे मान्य. पण नववीत राज्य मंडळातून केंब्रिजला येणाऱ्या मुलाचं इंग्रजी आणि गणित तपासलंच पाहिजे. शिक्षण हक्क कायदा चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, नववीचं मूल त्या मर्यादेच्या कडेला येतं, आणि मुलाच्या हिताचंही आहे. इंग्रजी कच्चं असेल तर आधाराचे तास आठवड्याला किती आणि त्याचे पैसे वेगळे का, ते विचारा.

मीरा_मडगाव
तपासा, पण प्रवेश दिल्यानंतर. नाकारण्यासाठी नको.

वाकडकर
यावर माझं मीराताईंशी एकमत. अनघाताई, शिक्षक किती सोडून गेले हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता, तो घालतो. पूल मात्र अजूनही घालणार नाही.

अनघा_ठाणे
पूल नका घालू. बसमधल्या ताई घाला.